गावाचा नि वॉर्डाचा डेटा कुठं मिळतो, कसा वाचायचा: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

"ग्रामपंचायतीत पैसा किती आला नि कुठं गेला हे ऑनलाइन दिसतं म्हणतात, पण दिसतं कुठं?" हा प्रश्न मला गेल्या दोन-तीन वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी म्हटलं, एकदा बसून सगळं नीट लिहूनच काढावं. मी काही आयटीवाला नाही, सरकारी खात्यातलाही नाही. नोकरी पुण्यात, घर गावाकडं, त्यामुळं महापालिका आणि ग्रामपंचायत दोन्हीकडचा डेटा बघायची सवय लागली. ज्यांनी आजपर्यंत एकही सरकारी फाइल डाउनलोड केलेली नाही त्यांना समोर ठेवून लिहितोय, ज्यांना येतं त्यांनी अधलंमधलं सोडून वाचलं तरी चालेल.

एक गोष्ट आधी सांगतो. डेटा बघायला बसताना "जरा बघू काय काय आहे" म्हणून बसू नका. पोर्टल उघडलं की पन्नास लिंका, त्यातल्या दहा चालत नाहीत, अर्ध्या तासात वैताग येतो आणि माणूस परत त्या वाटेला जात नाही. हातात एकच छोटा प्रश्न घेऊन बसा, आणि तोही असा की ज्याचं उत्तर तुम्हाला स्वतःच्या डोळ्यानं जाऊन बघता येईल. आमच्या गल्लीतली गटार मंजूर झाली होती का, शाळेच्या दुरुस्तीला किती खर्च झाला, कोपऱ्यावरचं वडाचं झाड पालिकेच्या नोंदीत आहे का, असले प्रश्न. "भ्रष्टाचार किती झाला" हा प्रश्न डेटाला विचारता येत नाही, त्याचं उत्तर कुठल्याच रकान्यात नसतं.

माझा पहिला प्रश्न होता रस्त्यावरच्या दिव्यांचा. गावात एलईडी बसले, सगळे खूश, आणि मला नुसतं जाणून घ्यायचं होतं की किती बसले नि पैसे कुठल्या खात्यातून आले. तेच उदाहरण पुढंपर्यंत वापरतो म्हणजे समजायला सोपं जाईल.

आधी आपला पत्ता सरकारी भाषेत शोधा

हे लोक सोडून देतात आणि मग चुकीच्या गावाचा हिशोब वाचत बसतात. एकाच जिल्ह्यात एकाच नावाची दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, खुर्द-बुद्रुक आहेतच, आणि तुमचं गाव स्वतंत्र ग्रामपंचायत असेलच असं नाही, गट ग्रामपंचायत असली तर नाव शेजारच्या गावाचं असू शकतं. म्हणून केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत जाऊन आपल्या पंचायतीचा कोड काढा. त्याला सगळे एलजीडी कोड म्हणतात. हा नंबर एकदा वहीत लिहून ठेवला की पुढं स्पेलिंगची भानगड नाही, कारण इंग्रजीत आपल्या गावाचं नाव प्रत्येक पोर्टलवर वेगळं लिहिलेलं असतं, कोड मात्र बदलत नाही.

शहरात हीच अडचण प्रभागाची. निवडणुकीचा प्रभाग वेगळा आणि कारभाराचं क्षेत्रीय कार्यालय वेगळं. पुण्यात क्षेत्रीय कार्यालयं १५ आहेत, प्रभाग त्याहून बरेच जास्त, आणि प्रभागाच्या हद्दी निवडणुकीच्या वेळी बदलतात. २०१७ मधे ११ गावं आणि २०२१ मधे २३ गावं महापालिकेत आली, त्यामुळं २०१७ च्या प्रभाग क्रमांकानं आजची यादी शोधायला गेलात तर भलताच भाग समोर येईल. जुनी फाइल असेल तर ती कुठल्या वर्षीच्या प्रभागरचनेतली आहे हे आधी बघा, तुलना नंतर.

गावाचा हिशोब: ई-ग्रामस्वराज

आता मुख्य मुद्दा. ग्रामपंचायतीचा डेटा बघायची सगळ्यात कामाची जागा म्हणजे ई-ग्रामस्वराज. केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाचं हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला, पंचायतराज दिनाला सुरू झालं. लॉगिन लागत नाही, आधार लागत नाही, ओटीपी लागत नाही, कुणालाही बघता येतं. गोव्यातल्या पंचायतीही याच्यावरच सापडतील. मोबाइलवर बघायचं असेल तर 'मेरी पंचायत' नावाचं ॲप आहे, पण पहिल्यांदा कॉम्प्युटरवरच बघा, मोबाइलवर ते लांबच लांब टेबल सरकवता सरकवता कुठल्या ओळीत होतो तेच विसरायला होतं.

होमपेजवर रिपोर्टचे भाग असतात. त्यातले तीन आपल्या कामाचे: आराखडा, कामाची प्रगती आणि हिशोब. क्रम हाच ठेवा.

पहिला आराखडा. दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा करते, आपल्याकडं हा कार्यक्रम 'आमचं गाव आमचा विकास' या नावानं चालतो, ग्रामसभेत मंजूर होतो आणि मग पोर्टलवर चढतो. मंजूर आराखड्याचा रिपोर्ट उघडा, वर्ष निवडा, राज्य, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत असं एकेक निवडत जा, कॅप्चा, म्हणजे चित्रात दिसणारी अक्षरं, टाका (दोनदा चुकला तरी चिडू नका, सगळ्यांचाच चुकतो), की कामांची यादी येते. प्रत्येक कामाला एक नंबर, कामाचं नाव, अंदाजे खर्च, कुठल्या योजनेतून. आमच्या दिव्यांचं काम मला इथं सापडलं, फक्त ते 'दिवे' नावानं नव्हतं तर 'गावठाणात पथदिवे बसविणे' असं होतं. सरकारी यादीत आपले रोजचे शब्द नसतात हे लक्षात ठेवा. दिवा म्हणजे पथदिवा, गटार म्हणजे बंदिस्त गटार किंवा भूमिगत गटार, रस्ता म्हणजे काँक्रीटीकरण नाहीतर खडीकरण, फरशी म्हणजे पेव्हिंग ब्लॉक. एका शब्दानं नाही सापडलं तर दुसऱ्यानं शोधा, आणि कधी कधी मराठी काम इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं तेही शोधून बघा.

योजनेच्या रकान्यात बहुतेक वेळा वित्त आयोग दिसेल, म्हणजे वित्त आयोगाच्या शिफारशीनं केंद्राकडून येणारा निधी. १५ व्या वित्त आयोगाचा निधी २०२०-२१ ते २०२५-२६ या काळासाठी होता आणि महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला अशी वाटणी होती. त्यातही बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते. २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे, आणि ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणं, पण पगारावर नाही. हे माहीत असणं फार गरजेचं आहे. ग्रामसभेत कुणीतरी उठून "एवढे पैसे आले तर रस्ता का नाही केला" म्हणतो, आणि खरं उत्तर असं असतं की त्यातले निम्म्याहून जास्त पैसे रस्त्यावर खर्च करताच येत नव्हते. आधी रकाना वाचला तर तो वाद तिथंच मिटतो, नाहीतर सभा त्यातच संपते.

मग कामाची प्रगती, म्हणजे काम कुठपर्यंत आलंय ते, आणि शेवटी हिशोब. हिशोबात योजनेनुसार जमा-खर्च दिसतो आणि खाली उतरत गेलात की एकेक व्हाउचर दिसतं: तारीख, रक्कम, कुणाला दिले, कशासाठी. वर्ष एप्रिल ते मार्च असतं हे विसरू नका. जानेवारीत झालेलं काम तुम्ही नव्या वर्षात शोधत बसाल आणि ते असतं मागच्याच वर्षात. आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात व्हाउचरांची गर्दी दिसली म्हणून लगेच संशय घेऊ नका, निधी उशिरा येतो, बिलं शेवटी निघतात, सगळीकडं असंच असतं. मार्चमधे बिल निघालं आणि एप्रिलमधे काम जागेवर नाही, असं दिसलं तर मात्र विचारायला हवं.

दिव्यांचं व्हाउचर मला मिळालं, पण त्यात नुसती रक्कम होती, दिवे किती हे नव्हतं. इथंच पोर्टल संपतं आणि ऑफिस सुरू होतं.

जागेवर जाऊन मोजा

सुट्टीला गावाला गेलो तेव्हा भाऊसाहेबांकडं गेलो. (ग्रामसेवक पदाचं नाव २०२४ मधे ग्रामपंचायत अधिकारी झालं, पण गावात अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात.) त्यांना व्हाउचरचा नंबर आणि तारीख सांगितली, तर त्यांनी दोन मिनिटांत फाइल काढून बिल दाखवलं. हा फरक बघा. "दिव्यांचा हिशोब दाखवा" म्हटलं असतं तर "कुठले दिवे, कधीचे" यातच दिवस गेला असता, पण नंबर सांगितला की समोरच्यालाही कळतं की हा माणूस वाचून आलाय आणि त्यालाही शोधणं सोपं जातं. बिलावर दिवे होते ४०.

रात्री जेवण झाल्यावर चुलतभाऊ नि मी गाडीवर निघालो. तो गाडी चालवणार, मी मागं बसून वहीत खांबाखांबाला रेघ मारणार. मारुतीच्या देवळापासून सुरुवात करून वरच्या आळीतनं शाळेपर्यंत, तिथून वस्तीच्या रस्त्यानं परत. कुत्री मागं लागली, दोघातिघांनी "काय रे, काय हुडकताय" म्हणून थांबवलं. एकूण भरले ३१. खरं सांगतो, त्या रात्री झोप लागली नाही, ९ दिवे गेले कुठं हेच डोक्यात. चुलतभाऊ म्हणाला ग्रुपवर टाकूया, फोटोसकट. मी म्हटलं थांब, उद्या विचारू.

सकाळी भाऊसाहेबांनी साठा रजिस्टर समोर ठेवलं. ९ दिवे शिल्लक म्हणून नोंदलेले, आणि कपाटात खोक्यात खरोखरच ठेवलेले, पावसाळ्यात जळाले तर बदलायला. मोजून बघितले, ९ च होते. रात्री ग्रुपवर टाकलं असतं तर एका माणसाचं नाव गावभर झालं असतं आणि मला त्याला तोंड दाखवता आलं नसतं. तेव्हापासून माझा नियम आहे, आकडा जुळला नाही तर पहिला फोन त्या ऑफिसला. बाकी कुणालाही नंतर. हे पुढं जाऊन दहा वेळा सांगेन कारण नवीन माणसाची सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

ऑफिसात काय काय मागायचं तेही सांगून ठेवतो. बांधकाम असेल तर अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, म्हणजे ज्याला सगळे एमबी म्हणतात ती, आणि पूर्णत्वाचा दाखला. यातली एमबी सगळ्यात महत्त्वाची, कारण इंजिनिअरनं किती लांबी, किती रुंदी मोजली हे त्यात लिहिलेलं असतं आणि ते तुम्ही टेप घेऊन तपासू शकता. ग्रामपंचायतीचं दप्तर नमुन्यांत असतं, १ ते ३३. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ रोकडवही, नमुना ८ कर आकारणीची नोंदवही जी घराच्या उताऱ्यासाठी सगळ्यांना माहीत असते. "रोकडवही दाखवता का" यापेक्षा "नमुना ५ अमुक महिन्याचा बघायचाय" असं म्हणा, काम पटकन होतं.

शहरात कुठं बघायचं

महापालिकांचं चित्र सारखं नाही. कुठं वेगळं ओपन डेटा पोर्टल, म्हणजे कुणालाही उतरवून घेता येईल अशा डेटाची वेबसाइट, आहे, कुठं वेबसाइटच्या एका कोपऱ्यात पीडीएफांचा ढीग. स्मार्ट सिटी योजनेत आपल्या राज्यातली आठ शहरं होती: पुणे, पिंपरी-चिंचवड, नाशिक, ठाणे, कल्याण-डोंबिवली, सोलापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. त्या योजनेत प्रत्येक शहरानं एक सिटी डेटा ऑफिसर नेमायचा आणि डेटा खुला करायचा असं ठरलं होतं, म्हणून या शहरांचे डेटासेट केंद्राच्या डेटा पोर्टलवरही सापडतात. पण ती योजना मार्च २०२५ मधे संपली, त्यामुळं फाइल उघडण्याआधी ती शेवटची कधी अपडेट झाली ती तारीख बघाच. २०१८ चा आकडा आजचा म्हणून वापरणं हे डेटा नसण्यापेक्षा वाईट.

पुणे महापालिकेचं ओपन डेटा पोर्टल नवीन माणसाला शिकायला चांगलं आहे आणि त्यातही वृक्षगणना. एकेका झाडाची एक ओळ: झाडाचं नाव, खोडाचा घेर, उंची, प्रकृती, वॉर्ड, आणि अक्षांश-रेखांश. अशी लाखो झाडं. सगळी फाइल एकदम उघडायला जाऊ नका, कॉम्प्युटर बसेल, तुकड्यातुकड्यांत उतरवून आपल्या भागापुरती बघा. मी पहिल्यांदा आमच्या सोसायटीसमोरचा रस्ता काढला आणि फाइल घेऊन खाली उतरलो, शेजारच्या काकू पण आल्या, आणि आम्ही एकेका झाडापाशी थांबून बघत होतो की हे यादीतलं कुठलं. गुलमोहर सापडला, दोन अशोक सापडले, आणि एका ओळीतल्या झाडाच्या जागी फक्त बुंधा होता. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे पडलं त्या मोठ्या पावसात." नोंद झाली तेव्हा झाड होतं, आता नाही. डेटा खोटा नव्हता, जुना होता. हा फरक कागदावर कितीही वाचला तरी तो बुंधा बघितल्यावरच कळतो.

दुसरी गोष्ट बजेट. पेपरात येतं "इतक्या हजार कोटींचं बजेट" आणि आपण तोच आकडा धरून बसतो. बजेटच्या पुस्तकात एकाच कामासमोर तीन वेगळे आकडे असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती झाले, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. पेपरात येतो तो तिसरा. तुम्ही पहिला बघा. एखाद्या उद्यानाला अंदाजात भरपूर तरतूद आणि पुढच्या पुस्तकात प्रत्यक्ष खर्च शून्य, हे दोन वर्षांची पुस्तकं शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. शिवाय आयुक्तांचं बजेट, स्थायी समितीचं बजेट आणि मुख्य सभेनं मंजूर केलेलं बजेट हे वेगवेगळं असतं, कुठलं पुस्तक हातात आहे ते मुखपृष्ठावर वाचा. आणि वर्षाच्या मधेच एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वळवतात, त्याला वर्गीकरण म्हणतात, ते बजेटच्या पुस्तकात नसतं, सभेच्या कार्यपत्रिकेत नि ठरावांत असतं. बजेट वाचून थांबलात तर अर्धीच गोष्ट कळली.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं बजेटसाठी सुचवता येतात. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात देता येतो. आधी मागच्या तीन वर्षांत आपल्या भागात कुठली कामं सुचवली नि कुठली धरली ते शोधा, मग अर्ज लिहा, तुमचा अर्ज नुसत्या मागणीपेक्षा वजनदार होतो.

फाइल उघडली, पण वाचता येत नाही

इथं नव्वद टक्के लोक सोडून देतात, म्हणून जरा सविस्तर.

सरकारी डेटा तुम्हाला मुख्यतः तीन रूपांत मिळेल. एक, सीएसव्ही (साध्या मजकुरात साठवलेलं टेबल) किंवा एक्सेल, ज्यात बेरीज करता येते, गाळता येतं. दोन, कॉम्प्युटरवर बनवलेली पीडीएफ, ज्यातलं अक्षर सिलेक्ट होतं. तीन, कागदावर छापून, सही-शिक्का मारून परत स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे फोटोच. तिसऱ्या प्रकाराला मी खुला डेटा म्हणत नाही. वाचता येतो हे खरं, पण ३०० पानांच्या फोटोतून आपल्या वॉर्डाची बेरीज कोण करणार? इंग्लंडमधल्या स्थानिक कौन्सिलांना ५०० पौंडांवरचा एकेक खर्च दर तिमाहीला प्रसिद्ध करावा लागतो, आणि तो कॉम्प्युटरला वाचता येईल असा द्यावा असं तिथल्या पारदर्शकतेच्या नियमावलीत आहे. आपल्याकडं माहितीची कमतरता नाहीये, ती कुठल्या रूपात देतात ही खरी अडचण आहे, आणि तेच आपण मागायला शिकायला हवं.

सीएसव्ही डबल क्लिक करून एक्सेलमधे उघडली आणि मराठीच्या जागी आडवीतिडवी चिन्हं आली तर फाइल खराब नाहीये. कोरी एक्सेल उघडा, वर डेटा नावाच्या टॅबमधे जाऊन टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून आणा असा पर्याय निवडा, आणि समोर येणाऱ्या खिडकीत फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा, ६५००१ असा आकडा त्याच्या शेजारी असतो. लगेच मराठी दिसेल. तरीही नाही दिसली आणि इंग्रजी अक्षरांची काहीतरी विचित्र जुळवणी दिसली, तर तो मजकूर कृतीदेव, श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमधे टाइप केलेला असणार, त्याला युनिकोडमधे बदलून देणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात.

बेरीज शून्य येतेय? मग आकडे देवनागरीत टाइप केलेले आहेत, एक्सेल त्यांना अक्षर समजतं. फाइंड-रिप्लेसनं दहाही आकडे एकेक करून इंग्रजी करून घ्या. रकमेच्या मागं तिरकी रेघ नि डॅश असतो, आपण चेकवर लिहितो तसा, तोही काढून टाका, नाहीतर तीही रक्कम अक्षरच राहते. आणि टेबलाच्या वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'रुपये लाखात' लिहिलंय का ते बघा. मी एकदा ते न बघता आमच्या तालुक्याचा पाण्याचा खर्च काही हजार रुपये आहे असं एका बैठकीत सांगून बसलो होतो, शेजारच्या सरांनी कानात सांगितलं म्हणून सावरलं.

मूळ फाइलला हात लावू नका. तिची कॉपी करा, कॉपीत काम करा, आणि मूळ फाइलच्या नावात डाउनलोडची तारीख नि पोर्टलचं नाव घाला. पोर्टल बंद पडतात, लिंक बदलते, आकडे दुरुस्त होतात. तुमच्याकडं त्या दिवशीची फाइल असेल तरच पुढं काही बोलता येईल. स्क्रीनशॉटही काढून ठेवा, वरची तारीख दिसेल असा.

पोर्टलवर नसेल तर

पहिलं, नुसतं विचारा. खरंच. खूप वेळा ऑफिसात एक्सेल असते, फक्त वेबसाइटवर कुणी चढवलेली नसते. ग्रामपंचायतीत डेटा एंट्री बहुतेक वेळा आपले सरकार सेवा केंद्राचा केंद्रचालक करतो, त्याच्याशी ओळख ठेवा, चहा प्या, त्याला विचारा की अमुक महिन्याची नोंद राहिलीये का. तो बिचारा एकटा दहा प्रकारचे पोर्टल भरत असतो, नेट जात असतं, आणि राहिलेल्या नोंदीचं खापर त्याच्यावर फुटतं.

दुसरं, फाइल बघायला जा. राज्य सरकारनं नोव्हेंबर २०१८ मधे परिपत्रक काढलं होतं की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवावेत. जाण्याआधी फोन करून वेळ नि खोली विचारून घ्या, आणि कुठल्या कामाची कुठली फाइल हे कागदावर लिहून न्या. वही-पेन न्या.

तिसरं, माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याच्या कलम ४ मधे १७ प्रकारची माहिती ऑफिसनं कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायची आहे, त्यात बजेट आहे, योजनांचे लाभ कसे दिले ते आहे. म्हणून अर्ज करण्याआधी ती १७ मुद्द्यांची माहिती वेबसाइटवर आहे का बघा. नसेल तर अर्ज. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' चा नमुना, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा अपुरं आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

अर्जात एक वाक्य न विसरता घाला: "सदर माहिती आपल्या कार्यालयात संगणकावर उपलब्ध असल्यास एक्सेल स्वरूपात ई-मेलने किंवा सीडीवर द्यावी." कॉम्प्युटरवर साठवलेली माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात मिळवायचा हक्क कायद्यातच आहे. हे वाक्य नसेल तर पानाला २ रुपयांप्रमाणं झेरॉक्सचा गठ्ठा हातात येतो आणि ती सगळी टाइप करत बसायची वेळ तुमच्यावर. आणि "गेल्या १० वर्षांतील सर्व कामांची सर्व माहिती" असं कधीच मागू नका, "२०२३-२४ मधील पथदिव्यांच्या कामाचे देयक व साठा नोंद" असं मागा.

लोकांसमोर मांडताना

सरकारच्या डेटा पोर्टलवरची माहिती २०१७ च्या खुल्या डेटा परवान्याखाली असते, तुम्ही ती वापरू शकता, त्यावर नकाशा करू शकता, छापू शकता, फक्त कुठून घेतली ते लिहायचं. ते लिहाच, खाली एका ओळीत पोर्टलचं नाव नि डाउनलोडची तारीख.

लाभार्थ्यांच्या याद्या मात्र जपून. घरकुल, पेन्शन, अपंग निधी यांच्या याद्यांत लोकांची नावं असतात, कधी कधी बँक खातं नि मोबाइल नंबरही चुकून राहून गेलेला असतो. पोर्टलवर दिसतंय म्हणून ती यादी ग्रुपवर टाकू नका. गावात किती जणांना मिळालं हे सांगायला आकडा पुरतो, कुणाला मिळालं हे चावडीवर वाचायची गरज नाही. नंबर उघडा पडलेला दिसला तर त्या ऑफिसला कळवा म्हणजे ते काढतील.

ग्रामसभा वर्षाला किमान चार व्हायला हव्यात. सात दिवस आधी नोटीस लागते, ती लागली की आपला एक कागद तयार करा, एकच पान, मोठ्या अक्षरात: काम, आराखड्यातली रक्कम, व्हाउचरची रक्कम, जागेवर काय आहे. चार रकाने बस. सरपंच ताईंना किंवा भाऊंना तो कागद सभेच्या दोन दिवस आधी नेऊन द्या, म्हणजे त्यांनाही फाइल काढून ठेवता येते आणि सभेत उत्तर मिळतं. आमच्या दिव्यांचा कागद मी असाच दिला होता, ४०, ३१, शिल्लक ९, आणि सभेत चर्चा झाली ती वस्तीच्या रस्त्यावरच्या अंधारात असलेल्या खांबांवर खोक्यातल्या दिव्यांतले किती लावता येतील यावर. चार लागले. पुढच्या सुट्टीत चुलतभावाच्या गाडीवर परत फेरी मारली, वहीत ३५ रेघा आल्या, तारीख टाकून वही आता त्याच्याकडं ठेवलीये.